लिंबाजीमास्तरांची कवायत

लिंबाजीमास्तर आमच्या घरी आले त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मामीकडं पाटा मागितला. मामीला वाटलं, त्यांना काही वाटायचं असेल. ती म्हणाली, "मास्तर, चटणी मी देते की वाटून. तुम्ही कशाला?" त्यावर मास्तर अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "चटनी नको बाई. पोरगं आडवं करायचंय." मामी माझ्याकडं बघायला लागली, मी मामाकडं आणि मामा आढ्याकडं.

पोरगं म्हणजे मी, दिगू. वय वर्षं बावीस, मामाच्या शिंपीकामाच्या दुकानात मशीन चालवणारा आणि लग्नसराईत त्याच्याच बँडमध्ये झांजा वाजवणारा. मला अंगणात उताणं निजवलं, पोटावर गोणपाट टाकलं आणि त्यावर पाटा ठेवला. "जवान, आता दम घे," मास्तर म्हणाले. "पाटा वर गेला पायजे. छाती हालली तर उठायचं अन् घरी जायचं."

"मास्तर, मी घरीच आहे," मी पाट्याखालून म्हणालो.

"मंग पडून ऱ्हा."

शेजारच्या लोकांनी कुंपणावरून पाहिलं आणि दिगूला पोटाचा काहीतरी मोठा आजार झालाय, अशी बातमी दुपारपर्यंत उस्मानाबादच्या निम्म्या गावात पोचली. दोन बायका तर ओवा घेऊन आल्या. त्यांना काय सांगावं ते मला कळेना, कारण मला काय झालंय ते माझं मलाच कळत नव्हतं. मला सॅक्सोफोन शिकायचा होता. त्यात पाटा कुठून आला?

त्या सॅक्सोफोनची गोष्ट आधी सांगायला हवी. पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान विलीन झालं आणि निजामाच्या फौजेतले बँड मोडले. त्यातला एक सॅक्सोफोन कुठल्याशा लिलावात मामानं घेतला. तो हैदराबादला कापड आणायला गेला होता आणि परतताना कापडाऐवजी काळी पेटी घेऊन आला. पेटीत वाकड्या मानेचं, चाव्याच चाव्या असलेलं पितळेचं ते वाद्य. आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गफूरभाईंनी ते फुंकून पाहिलं, तर अडलेल्या म्हशीसारखा आवाज निघाला. त्यांनी हात जोडले आणि पेटी बंद केली. पेटी चार-पाच वर्षं धान्याच्या कणगीमागं पडून होती. तोवर सोलापूरच्या बँडांत सॅक्सोफोन आले आणि आमच्या भागातली बडी बडी लग्नं सोलापूरचे बँड पळवायला लागले. मग मामा जागा झाला.

कुणीतरी त्याला सांगितलं की ढोकीजवळच्या एका खेड्यात लिंबाजी नावाचा माणूस आहे, सनईवाल्यांच्या घरातला. ऐन जवानीत हैदराबादला गेला, फौजेच्या बँडमध्ये अठरा वर्षं सॅक्सोफोन वाजवला, बँड मोडल्यावर परत आला आणि आता भावाच्या शेतावर राखण करतो. मामा दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना घेऊनच आला. वाळकं अंग, पांढऱ्या मिशा, खाकी अर्धी चड्डी आणि नाड्या नसलेले फौजी बूट. पेटी उघडल्यावर त्यांनी सॅक्सोफोनला हात लावण्याआधी दोन्ही हात चड्डीला पुसले, एवढं मला पक्कं आठवतंय.

मामानं फक्त एकच विचारलं, "मास्तर, हे तुम्हाला येतं का?"

"येतंय की," मास्तर म्हणाले. "अठरा साल हेच केलंय."

मग मामानं शर्त सांगितली. वैशाखात आमच्या गावच्या एका बड्या घरचं वऱ्हाड नळदुर्गला जाणार होतं. मुलीकडच्यांनी सोलापूरचा बँड सांगितला होता. त्या दिवसापर्यंत दिगूला तयार करायचं. सामन्यात आपला बँड टिकला तर मास्तर कायमचे आमचे, दुकानामागची खोली त्यांची. नाही टिकला तर ढोकीची वाट त्यांना माहीतच आहे. मास्तर खोलीकडं बघायलासुद्धा गेले नाहीत. म्हणाले, "खोलीचं काय न्हाय मालक. मला बँड पायजे. एकट्यानं वाजवलं का वाजवल्यावानी वाटत न्हाय. लई वर्सं झाली."

सामना म्हणजे काय ते सांगतो. वऱ्हाड गावाच्या शिवेवर मारुतीच्या देवळापाशी थांबायचं. मुलीकडचे लोक आपला बँड घेऊन सामोरे यायचे आणि दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून एकदमच वाजवायचे. ज्याचा वाजा आधी बंद पडेल तो हरला. जिंकलेल्यानं नवऱ्याच्या घोड्यापुढं चालायचं आणि हरलेल्यानं मुकाट्यानं वरातीच्या मागून, वाजा काखेत मारून. मागून चाललेला बँड पुढच्या वर्षी कुणी बोलवत नसे. मामा एकदा असा मागून चालला होता. घरी आल्यावर त्यानं दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तर वैशाखाला पाच महिने होते आणि मी पाट्याखाली होतो. पंधरा दिवसांनी पाटा गेला आणि कागद आला. भिंतीवर कागदाचा तुकडा धरायचा, हात सोडायचा आणि नुसत्या फुंकरीनं तो भिंतीला चिकटवून ठेवायचा. मास्तर बाजूला उभे राहून मोजायचे, "एक... दो... तीन..." विसाला पोचायच्या आत कागद पडला की पुन्हा पहिल्यापासून. मग नुसती वाद्याची चोच आली, म्हणजे वेताची पातळ रीड जिच्यावर बांधतात तो वरचा तुकडा. तो तोंडात धरून एकच चिरका आवाज काढायचा, न हलवता, न थरथरवता. मग उलटं, चोच नाही आणि फुंकर नाही, नुसत्या चाव्यांवर बोटं टकटक चालवायची. या सगळ्याला मास्तर 'कवायत' म्हणायचे. गाण्याचं नाव काढलं की म्हणायचे, "आदी ओठ गरम, मंग वाजा गरम, मंग जवान गरम. थंड्या वाज्यात फुंकलं का सूर फाटतोय. फाटलेला सूर तुज्या मशिनीवर शिवता येतोय का?"

शेवटी पूर्ण वाद्य हातात मिळालं तर लंबा सूर सुरू झाला. एकच सूर. ऐकू येणार नाही इतका बारीक सुरू करायचा, दहापर्यंत वाढवायचा, विसापर्यंत पुन्हा विझवायचा. मग त्याच्या खालचा. मग त्याच्याही खालचा. मास्तर स्वतः रोज पहाटे तासभर हेच करायचे. गाणं म्हणून नाही, एखादी ओळ म्हणून नाही. आमच्या गल्लीत राहणारे एक मास्तर, म्हणजे शाळेतले, त्यांनी एकदा मला थांबवून विचारलं, "काय रे, तुमच्या वाद्याची दुरुस्ती अजून किती दिवस चालणार आहे?" मी काय सांगणार? म्हणालो, वैशाखापर्यंत.

मी घायकुतीला यायचो. "मास्तर, गाणं कधी?"

"येतंय की. गानं कुठं पळून चाललंय?"

"नळदुर्गला काय वाजवणार मी?"

"तू खालचा सूर धर. तेवढं जमलं म्हंजे लई झालं."

याचा अर्थ मला कळत नसे. मला वाटायचं ही उस्तादी भाषा असणार, मोठी माणसं असंच बोलतात. दुसऱ्या दिवशी वाटायचं, कसली उस्तादी? या माणसाला काहीच येत नाही, फुकटची भाकरी खातोय. मामाचंही तेच चाललेलं. एकदा दुकानात कोटाची बाही कापता कापता तो म्हणाला, "दिग्या, एक तर हा माणूस फार मोठा आहे, नाहीतर आपण फार मोठे गाढव आहोत. तुला काय वाटतं?" मी म्हणालो, मला दोन्ही वाटतं. मामानं बाही उलटी कापली.

पण एक संध्याकाळ आठवते. मामी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, मी कंदिलाच्या काचा पुसत होतो आणि मास्तर ओट्यावर बसून अगदी खालचा सूर धरून होते. तो सूर कानाला नाही, बसल्या जागी जमिनीतून लागत होता. आवाज मोठा नव्हता, पण घरात सगळीकडं होता. मामीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती तशीच बसून राहिली. सूर संपल्यावर ती म्हणाली, "मास्तर, हे कुठलं गाणं हो?" मास्तर म्हणाले, "ह्ये गानं न्हाय बाई. ह्ये गान्याच्या खालचं हाय." मामीनं पहिले काही दिवस त्यांना चहा वेगळ्या पेल्यात ओट्यावर दिला होता, त्या काळी सनईवाल्याला तसाच देत. त्या दिवसानंतर ती वेगळा पेला काढायचं विसरली, ते कायमचंच.

वैशाख आला. आम्ही नऊजण आणि दहावे मास्तर असे एका मोटारीच्या टपावर आणि मागच्या फळीवर बसून नळदुर्गला पोचलो. मला पाच महिन्यांत एक गाणं येत नव्हतं. मामाला मी तसं सांगितलंही होतं, पण मामानं ठरवून टाकलं होतं की मास्तरांनी काहीतरी राखून ठेवलंय. तो प्रत्येकाला डोळा मिचकावून सांगत होता, "ऐन वेळी बघा." देवळामागं उतरल्याबरोबर मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि कवायत सुरू केली. कागद, चोच, लंबा सूर. त्यांनी गफूरभाईंनाही म्हटलं, "भाईजान, तुमी बी जरा ओठ गरम करून घ्या. गानं तुमच्याकडं हाय." गफूरभाई हसले. म्हणाले, "मास्तर, आमचे ओठ पानानं गरमच असतात."

तेवढ्यात समोरून सोलापूरचा बँड आला. लाल कोट, सोनेरी पट्टे, पुढं एक जाडजूड बँडमास्तर आणि त्याच्या गळ्यात लखलखीत सॅक्सोफोन. सामना सुरू झाला. ऊन डोक्यावर आलेलं. गफूरभाईंनी थंड्या ओठांनी पहिल्यापासूनच चढं गाणं धरलं. मामानं मला ऐन वेळेपर्यंत वाजवायचं नाही असं बजावलं होतं. पाव तास झाला असेल नसेल, त्यांच्या खालच्या ओठातून रक्त आलं. त्यांनी क्लॅरिनेट खाली केलं. बिगुलवाल्या दोघांनी थोडा वेळ रेटलं, मग त्यांचेही सूर फाटले. आता आमच्याकडून नुसता ढोल आणि ताशा चालू होता आणि समोरचे लोक टाळ्या पिटायला लागले होते.

मामा माझ्यावर ओरडला, "दिग्या, वाजव!"

"मामा, मला गाणं येत नाही हो!"

"मग मास्तरांना दे! मास्तर, आता काढा तुमचं!"

मी सॅक्सोफोन मास्तरांच्या गळ्यात अडकवला. त्यांनी रीड जिभेवर ओली केली, चोच ओठात धरली आणि तशीच धरून ठेवली. मला वाटलं, ही पण कवायतच. मग त्यांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. चोच काढून ते मला हळूच म्हणाले, "जवान, आपल्याकडून गानं कोन धरतंय?"

"कुणी नाही मास्तर. गफूरभाई बसले. आता तुम्हीच."

"म्या?" त्यांना खरंच नवल वाटलं. "माज्याकडं गानं कुठाय? पलटनीत गानं किलार्नेटवाले वाजवायचे. आमी चौघं खालचा सूर धरायचो. अठरा साल म्या खालचा सूर धरलाय. गानं माज्या वाटनीला कदी आलंच न्हाय."

पाच महिने मी ज्या कोड्यात होतो ते असं एका वाक्यात सुटलं आणि सुटून काही उपयोग नव्हता. आता मागून चालायचं, मामानं, मी, या म्हाताऱ्यानं, सगळ्यांनी.

तेवढ्यात सोलापूरच्या बँडमास्तरानं, सामना जिंकलाच आहे अशा तोऱ्यात, आपला बँड थांबवून एकट्यानं एक गाणं सुरू केलं. त्या वर्षी सगळीकडं वाजत असलेलं सिनेमातलं गाणं, संथ, जरा दुःखी. दोन ओळी झाल्या आणि माझ्या शेजारून, जमिनीतून यावा तसा, तो सूर आला. मास्तरांनी डोळे मिटले होते. ते त्या माणसाच्या गाण्याच्या खाली जाऊन उभे राहिले. तो वर गेला की हे खालीच थांबायचे, तो खाली आला की हे सरकून त्याला जागा करून द्यायचे. मगाशी तेच गाणं नुसतं झगझगीत होतं. आता ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी. मी लाज सोडून सांगतो, मी रडलो. वऱ्हाडातल्या बायका बोलायच्या थांबल्या. घोडासुद्धा शांत उभा होता.

सोलापूरच्या बँडमास्तरानं वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं. मग तो आपली रांग सोडून चालत आमच्याकडं आला आणि मास्तरांच्या खांद्याला खांदा लावून वाजवायला लागला. त्यांचे ढोलवाले आणि आमचे ढोलवाले एकमेकांकडं बघत होते, मग त्यांनीही ठेका एक केला. वाजा कुणाचाच बंद पडला नाही. मग हरलं कोण? दोन्हीकडची म्हातारी माणसं पारावर वाद घालत बसली आणि शेवटी दोन्ही बँड घोड्यापुढं जोडीनं चालले. असं आमच्याकडं आधी कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याचा बाप येऊन मामाच्या पाठीवर थाप मारून गेला. पाठोपाठ त्याचाच भाऊ येऊन म्हणाला, "काय हो, तुमचा माणूस त्यांच्याकडून वाजवत होता की!" मामाला हसावं का रडावं कळेना.

जेवणं झाल्यावर दुपारी मांडवामागं मामाचा बांध फुटला. "पाच महिने माझ्या घरची भाकरी खाल्ली आणि साथ त्यांना केली? तुम्हाला गाणं येत नव्हतं तर बोलला का नाहीत?"

"मालक, तुमी इच्यारलं, ह्ये येतंय का. म्या म्हनलं येतंय," मास्तर म्हणाले. "खोटं कुठं बोललो? म्या समजलो, गानं धराया गफूरभाई हायती. पोराला खालच्या सुराला तयार करायचं, मंग आमी दोघं आळीपाळीनं त्यांच्या खाली. बँड म्हंजे तसाच असतोय न्हवं?"

"अहो, पण शत्रूच्या खाली?"

मास्तरांनी सॅक्सोफोनवरून हात फिरवला. म्हणाले, "त्यो एकलाच वाजवत हुता मालक. लई एकलाच."

एवढ्यात सोलापूरचा बँडमास्तर तिथं आला. त्यानं मामाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "शेठ, हा माणूस आम्हाला द्या. आमच्याकडं गाणं धरणारे चार आहेत, खालचा सूर धरणारा एक नाही." मामाचा पारा चढलेलाच होता. त्यानं हात झटकला, "न्या! आत्ताच्या आत्ता न्या!" रागाच्या भरात तो बोलला हे मला दिसत होतं. दोन दिवसांनी तो स्वतःच सोलापूरला गेला असता, इतका मी मामाला ओळखत होतो. कुणीतरी त्याला तिथल्या तिथं अडवायला हवं होतं, बस्स.

मास्तर लगेच निघाले नाहीत. त्यांनी सॅक्सोफोन गळ्यातून काढला, फडक्यानं आतून बाहेरून पुसला आणि माझ्या हातात दिला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जवान, तू काय म्हनतोस? म्या ऱ्हाऊ का जाऊ?"

त्यांना जायचं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं. सोलापूरला मोठा बँड मिळत होता तरी त्यांनी मला विचारलं, माझ्यासारख्या झांजावाल्याला. आणि मी मामाकडं पाहिलं. मामाच्या घरात राहत होतो, मामाच्या मशीनवर काम करत होतो, मामाचं तोंड रागानं लाल झालं होतं.

"मामा म्हणतील तसं," मी म्हणालो.

"बरुबर हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली आणि त्या लोकांच्या लॉरीत मागच्या बाजूला जाऊन बसले. लॉरी हैदराबादच्या सडकेवरून सोलापूरच्या बाजूला वळली तरी मी हात वर केला नाही.

पुढं मामा खरंच त्यांना परत आणायला सोलापूरला गेला. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि हसून परत पाठवलं. चार वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेही उशिरा. मी मात्र गाणी शिकलो. ग्रामोफोनवरून शिकलो, ऐकून ऐकून शिकलो आणि आमच्या बँडमध्ये पंचवीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला. लोक वाहवा करायचे. पण अजूनही कुठलंही संथ गाणं धरलं की दोन ओळींनंतर मी नकळत थांबतो आणि माझ्या शेजारून कुणी येतंय का याची वाट बघतो. कुणी येत नाही. त्या दिवशी मास्तर राहिले असते. मी नुसतं "राहा" म्हणायचं होतं.